टीव्हीवरचे सात दिवस, आपल्या घरातले सत्तर: नूतनीकरणाचे काम कंत्राटदाराकडून कसे करून घ्यावे

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २००३ ते २०१२ या काळात ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन’ नावाचा कार्यक्रम चालत असे. अडचणीत सापडलेल्या एखाद्या कुटुंबाला आठवडाभर सहलीला पाठवायचे, तेवढ्या दिवसांत त्यांचे घर पाडून नवे उभे करायचे आणि ते परतले की समोर आडवी लावलेली बस बाजूला करून घर दाखवायचे, असा त्याचा साचा होता. मी तो आवडीने पाहत असे. पुढे डोंबिवलीतल्या आमच्या घरातले एक न्हाणीघर नव्याने करायला घेतले, तेव्हा मनातल्या हिशेबात त्याला दहा दिवस धरले होते. प्रत्यक्षात ३९ दिवस लागले आणि त्यातही एक काम दोनदा करावे लागले. दोष सगळा कारागिरांचा नव्हता. आपण पडद्यावर जे पाहतो त्यातून नेमके काय गाळलेले असते, हे मला ठाऊक नव्हते. घराचे काम काढण्याच्या विचारात असलेल्यांनी ते आधी समजून घेतले, तर कंत्राटदाराशी बोलताना योग्य प्रश्न सुचतात.

पडद्यावर काय दिसत नाही

त्या सात दिवसांमागे एका वेळी शेकडो माणसे राबत असत, रात्रंदिवस पाळ्या चालत, आणि स्थानिक बांधकाम व्यावसायिक बरेचसे साहित्य व श्रम विनामूल्य देत. ‘ट्रेडिंग स्पेसेस’ या २००० साली सुरू झालेल्या कार्यक्रमात शेजारी शेजाऱ्याची खोली दोन दिवसांत आणि एक हजार डॉलरांत बदलून देत, परंतु कार्यक्रमाने पुरवलेल्या सुताराची आणि सजावटकाराची मजुरी त्या हजारात धरलेली नसे. म्हणून पडद्यावरचा खर्चाचा आकडा ऐकला की ‘मजुरी धरून की सोडून?’ हा पहिला प्रश्न मनात यायला हवा. आपल्याकडचे अनुभवी मुकादम हाच प्रश्न उलट बाजूने विचारतात: ‘मालासकट सांगू, की नुसत्या मजुरीचा दर सांगू?’

दुसरा फरक बांधकामाच्या जातीचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी लक्षात घेतला जातो. अमेरिकेतील बहुसंख्य घरे लाकडी चौकटीवर उभी असतात. आतल्या भिंती म्हणजे लाकडी उभ्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले जिप्समचे तक्ते असतात. हातोड्याचे चार घाव घातले की अशी भिंत पडते, वायर आणि पाइप पोकळीतून सरकवता येतात, नवा तक्ता स्क्रूने बसवून सांधा भरला की पुढचे काम सुरू करता येते. आपली घरे आरसीसीच्या सांगाड्यात विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती रचून, वर सिमेंटचा गिलावा करून बांधलेली असतात. येथे एक स्विचबोर्ड एक फूट सरकवायचा तरी भिंतीत झिरी पाडावी लागते, पाइप बसवून ती बुजवावी लागते, वर गिलावा करावा लागतो, त्यावर काही दिवस पाणी मारावे लागते, तो वाळू द्यावा लागतो, नंतर पुट्टी, प्रायमर आणि रंग. सिमेंटच्या कामात हात चालतो त्यापेक्षा थांबणेच अधिक असते, आणि थांबणे कॅमेऱ्याला दाखवता येत नाही. नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारायला हवे आणि रंग लावण्यापूर्वी तो साधारण महिनाभर वाळायला हवा. घाईने रंग दिला, तर पहिल्याच पावसाळ्यात त्याला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात.

तिसरी गाळलेली गोष्ट म्हणजे धूळ आणि धोका. टेक्सासमधील वेको येथे चित्रित होणाऱ्या ‘फिक्सर अपर’ या गाजलेल्या कार्यक्रमात तोडफोडीचा दिवस हा जणू सणच असे. त्या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हेच भाग पाहून विचारणा केली की १९७८ पूर्वीच्या घरांतील रंगात शिसे असू शकते, मग ते काम करताना नियमाप्रमाणे काळजी घेतलेली का दिसत नाही. २०१८ साली हे प्रकरण तडजोडीने मिटले. ३३ घरांसंबंधी ४० हजार डॉलरांचा दंड भरावा लागला आणि वेकोतील घरांमधील शिसेयुक्त रंगाचा धोका दूर करण्यासाठी १ लाख ६० हजार डॉलर खर्च करण्याचे मान्य करावे लागले. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे जुन्या चाळीतील किंवा वाड्यातील दारे-खिडक्यांचा तैलरंग कोरडाच घासू देऊ नये. तो पाणी मारून ओला करून घासावा, खोलीचे दार प्लॅस्टिकने बंद करावे आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांत घराबाहेर ठेवावे.

सगळेच कार्यक्रम असे नसतात, हेही सांगितले पाहिजे. बॉस्टनहून १९७९ साली सुरू झालेल्या ‘धिस ओल्ड हाउस’मध्ये एकाच घराचे काम अनेक भागांतून टप्प्याटप्प्याने दाखवले जाई. ब्रिटनच्या चॅनल फोरवर १९९९ पासून चालणाऱ्या ‘ग्रँड डिझाइन्स’मध्ये केव्हिन मॅक्लाउड महिनोन्‌महिने पुन्हापुन्हा त्याच जागेवर जातात. पाऊस, कर्ज, रखडलेल्या खिडक्या आणि नवरा-बायकोंचे ताणलेले चेहरे हे सगळे त्यात दिसते. काम काढण्यापूर्वी काही पाहायचेच असेल, तर असे कार्यक्रम पाहावेत.

हातोडा उचलण्यापूर्वी

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली भिंत पाडून एक मोठी मोकळी जागा करणे, हे दूरचित्रवाणीचे आवडते दृश्य आहे. आपल्या इमारतीत ते करण्यापूर्वी ती भिंत नुसती आडोशाची आहे की भार पेलणारी आहे, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. आरसीसी इमारतीत खांब आणि तुळई यांना टाचणीएवढाही धक्का लावायचा नसतो. जुन्या इमारती, विशेषतः १९६०-७०च्या दशकांतील काही तीन-चार मजली इमारती, भिंतींवरच उभ्या असतात आणि त्यांत एकही भिंत ‘नुसती’ नसते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधील सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. ‘साहेब, काही होत नाही, आम्ही दहा ठिकाणी पाडली आहे’ हे मिस्त्रीचे वाक्य अभियंत्याच्या कागदाची जागा घेऊ शकत नाही.

परवानगीचे दोन थर असतात. पहिला गृहनिर्माण संस्थेचा. फेरफारांसाठी व्यवस्थापक समितीची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत कामाचा नकाशा, अभियंत्याचे पत्र आणि कामगारांची नावे दिली, तर बहुतेक प्रश्न आधीच मिटतात. कामाच्या वेळा, दुपारची विश्रांती, लिफ्टमधून सिमेंटच्या गोण्या नेता येतील की नाही, हे त्याच वेळी विचारून ठेवावे, कारण दिवसाचे प्रत्यक्ष कामाचे तास यावरून ठरतात. सकाळी दहा ते दोन आणि चार ते सहा एवढीच परवानगी असेल, तर आठ तासांच्या हिशेबाने दिलेला अंदाज कोलमडणारच. दुसरा थर महापालिकेचा. रंग, लादी, गिलावा अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा मंजुरी लागत नाही, मात्र रचनेत बदल, बाल्कनी आत घेणे किंवा न्हाणीघराची जागा हलवणे यासाठी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. न्हाणीघर किंवा शौचालय शेजारच्या खोलीत सरकवले, तर ते खालच्या कुटुंबाच्या शयनगृहावर किंवा देवघरावर येते. ही तक्रार कायद्याच्या आधीच जिन्यात सुरू होते.

फ्लॅट नवा असेल, तर आणखी एक खबरदारी घ्यावी. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत रचनेतील आणि कारागिरीतील दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. त्या मुदतीत न्हाणीघर उकरले, तर पुढे गळती झाल्यास ‘तुम्हीच फोडले’ हे उत्तर तयार मिळते. शक्य असल्यास ओल्या जागांना त्या काळात हात लावू नये. लावणे भागच असेल, तर आधीच्या स्थितीची छायाचित्रे काढून विकासकाला पत्र देऊन ठेवावे.

राडारोडा कुठे जाणार, हेही ठरवूनच घ्यावे. बांधकाम कचऱ्याविषयीच्या नियमांनुसार तो गोळा करून वेगळा ठेवण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्याची, म्हणजे आपली असते. रात्री टेम्पो भरून खाडीकाठी ओतणारा माणूस स्वस्त पडतो खरा, पण सापडला तर नाव आपले निघते.

माणूस आणि कागद

पडद्यावर एकच हसतमुख जोडपे घर शोधते, आराखडा काढते, भिंती पाडते आणि शेवटी फुलदाणीही ठेवते. प्रत्यक्षात त्यांच्या मागे एक मोठा चमू असतो. आपल्यापुढे साधारण तीन वाटा असतात. सगळे काम एका इंटिरियर संस्थेकडे सोपवणे सर्वांत सोयीचे आणि बहुधा सर्वांत महाग असते. एका कंत्राटदाराला काम देऊन देखरेख स्वतः करणे ही मधली वाट. गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी असे वेगवेगळे कारागीर स्वतः लावणे कागदावर स्वस्त दिसते, मात्र ज्याला दिवसा घरी थांबता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. लादी वर आली की फरशीवाला प्लंबरकडे बोट दाखवतो, प्लंबर गवंड्याकडे, आणि न्यायाधीश म्हणून आपण उभे राहतो.

कंत्राटदार निवडताना त्याच्या फोनमधली छायाचित्रे पाहण्यात अर्थ नाही. त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले एखादे घर पाहायला मागावे. तेथे जाऊन न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीचा खालचा भाग, ओट्याखालच्या कपाटाचा तळ आणि दाराच्या चौकटीचे खालचे टोक पाहावे. तिन्ही कोरडे असतील, तर माणूस बरा. घरमालकाला ‘काम कसे केले?’ असे विचारण्यापेक्षा ‘बोलावल्यावर परत आला का?’ असे विचारावे.

किमान तीन दरपत्रके घ्यावीत, पण ती एकाच यादीवर. आपण स्वतः खोलीनिहाय कामांची यादी करून तिघांनाही तीच दिली नाही, तर तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे असतात आणि तुलना निरर्थक ठरते. मापाची भाषा नीट समजून घ्यावी. लादी चौरस फुटांत, ओट्याची कड आणि स्कर्टिंग रनिंग फुटांत, तर गिलावा अनेकदा ब्रासमध्ये मोजतात. क्षेत्रफळाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट आणि वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, हा फरक लक्षात ठेवावा. दार-खिडक्यांची जागा मोजमापातून वजा होणार की नाही, जुनी लादी काढणे आणि माल वर चढवणे दरात आहे की वेगळे, जीएसटी धरला आहे की वरून लागेल, हे प्रश्न सुरुवातीलाच विचारले तर वाईट वाटत नाही, शेवटी विचारले तर भांडण होते.

कागदावर दर्जाही यायला हवा. ‘चांगले प्लायवूड’ या शब्दांना काहीच अर्थ नाही. ओल्या जागी आयएस ७१० या पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या मानकाचे प्लायवूड, त्याची जाडी आणि बनावट. वायर तांब्याची, आयएसआय चिन्हाची, दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, साध्या पॉवर प्लगसाठी २.५ आणि एसी व गीझरसाठी ४. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) असे स्पष्ट लिहावे. काम उक्ते (ठरवलेल्या एकरकमी दराने) दिले आहे की रोजंदारीवर, तेही नमूद करावे. उक्त्यात कारागीर घाई करतो आणि रोजंदारीत रेंगाळतो, हा जुना अनुभव आहे. म्हणून झाकली जाणारी कामे, म्हणजे पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, उक्त्यात असली तरी त्यांची तपासणी झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे एक वाक्य करारात असावे. एवढे एक वाक्य आमच्या कागदात नव्हते.

काम चालू असताना

आमच्या बाबतीत झाले ते असे. जुनी लादी काढली, वॉटरप्रूफिंगचा थर दिला, आणि मी कामावर असताना त्याच दिवशी दुपारी त्यावर नवी लादी बसवायला घेतली गेली. पाणी भरून पाहिलेलेच नव्हते. तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि त्यांच्या छताला ओल आल्याचे शांतपणे सांगून गेल्या. ती शांतता मला भांडणापेक्षा जड गेली. पुन्हा सगळे उकरले तेव्हा दिसले की नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवतीचा सांधाच नीट भरलेला नव्हता, आणि त्यावर कितीही भारी रसायन लावले असते तरी उपयोग झाला नसता.

तेव्हा पाण्याची चाचणी स्वतः उभे राहून करून घ्यावी. ट्रॅपचे तोंड बंद करून खोलगट भागात पाणी भरावे, पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारावी आणि ते किमान ४८ तास तसेच ठेवावे. थोडेसे पाणी वाफेने कमी होतेच, पण पातळी ठळकपणे उतरली, तर काम परत. दोन्ही दिवशी खालच्या घरी जाऊन छत पाहावे आणि त्या घरच्यांनाही सोबत उभे करावे. पुढे वाद झालाच, तर तुमच्या बाजूने बोलणारे ते पहिले साक्षीदार असतात. पाइपलाइन भिंतीत बुजवण्यापूर्वी दाबाच्या पंपाने तपासून घ्यावी, आणि काटा काही तास हलला नाही तरच गवंड्याला झिरी भरू द्यावी. लादी बसल्यावर उतार पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. मगभर पाणी ओतले आणि ते कोपऱ्यात न साचता जाळीकडे गेले, की झाले. लाकडी काठीने लादी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर खाली माल भरलेला नाही. भिंतीला ओळंबा, फरशीला पाणसळ आणि कोपऱ्याला गुण्या लावायला सांगितले, तर चांगला गवंडी रागावत नाही.

झिरी बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्र काढून ठेवावे. पाच वर्षांनी भिंतीत खिळा मारायचा असेल, तेव्हा त्याची किंमत कळते.

वेळापत्रक आखताना माणसांचेही वेळापत्रक पाहावे. मुंबई-पुण्यातील फरशी आणि संगमरवराचे बरेच कारागीर राजस्थानचे, प्लंबर मोठ्या संख्येने ओडिशाच्या केंद्रपाडा भागातले, रंगारी आणि सुतार उत्तर प्रदेश-बिहारचे असतात. होळी, ईद, छट आणि लग्नसराईत ते गावी जातात. आपल्याकडे गणपतीत कोकणातले मदतनीसही दिसेनासे होतात. यात नवल किंवा तक्रार करण्याजोगे काही नाही. एप्रिलमध्ये काम सुरू करून ‘गणपतीपूर्वी घर तयार’ असे म्हणणाऱ्याने दरम्यानचे सण दिनदर्शिकेत आधीच लाल करावेत. बाहेरच्या भिंती आणि गच्ची यांची कामे मात्र मे महिन्याच्या आत उरकावीत. दोन शयनगृहांच्या साध्या फ्लॅटचे फरशी, न्हाणीघरे, वायरिंग, कपाटे आणि रंग असे पूर्ण काम असेल, तर दोन ते तीन महिने धरणे शहाणपणाचे आहे.

पडद्यावर मालक शेवटच्या दिवशीच घर पाहतो. आपण तसे मुळीच करू नये. रोज पंधरा मिनिटे, शक्यतो कामगार निघण्यापूर्वी, चक्कर मारावी. बदल सुचवायचा तर गवंड्याला परस्पर न सांगता कंत्राटदाराला सांगावा, त्याचा वाढीव खर्च आणि वाढीव दिवस लगेच विचारावेत आणि व्हॉट्सॲपवर लेखी उत्तर घ्यावे. ‘आता होतेच आहे तर तेवढेही करून टाका’ या वाक्याने जेवढी अंदाजपत्रके फुगतात, तेवढी महागाईने फुगत नसावीत. एकूण रकमेच्या १५ टक्के तरी पैसे बाजूला ठेवावेत. जुने घर असेल, तर २० टक्के. लादीखाली गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप निघणार नाही, असे कोणताही प्रामाणिक कंत्राटदार सांगणार नाही.

पैसे

आगाऊ रक्कम थोडी, साधारण दहा टक्के, आणि पुढचे हप्ते तारखेला न बांधता पूर्ण झालेल्या टप्प्याला बांधावेत: तोडफोड व राडारोडा हलवणे, पाइप व वायरिंगची चाचणी, पाण्याची चाचणी, लादी, सुतारकाम, रंग. पैसे बँकेतून द्यावेत आणि साहित्याची पक्की बिले घ्यावीत. कंत्राटदाराच्या हाती पैसा अजिबात राहिला नाही, तर तो मजुरांना शनिवारी पगार देऊ शकत नाही आणि सोमवारी काम बंद पडते. त्यामुळे टप्पा पूर्ण झाला की आपणही टाळाटाळ करू नये. हे कर्तव्य घरमालक विसरतात.

काम खरोखरच बिघडले आणि कंत्राटदार दाद देईना, तर लेखी नोटीस देऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा पातळीवरच ती चालते. तेथे छायाचित्रे, बिले, संदेश आणि करार एवढेच बोलतात.

काम संपले की कंत्राटदारासोबत घरभर फिरून उरलेल्या बारीकसारीक गोष्टींची यादी करावी: न लागणारे दार, सुटलेली दर्ज, उलटा बसलेला स्विच. त्या यादीवर दोघांनी सह्या कराव्यात. पाच ते दहा टक्के रक्कम राखून ठेवण्याचे करारातच लिहिलेले असावे, आणि ती एक पावसाळा जाईपर्यंत द्यायची नाही, हेही. दसऱ्याच्या सुमारास न्हाणीघराच्या बाहेरची भिंत तळहाताने चाचपून पाहावी, खालच्या काकूंचे छत पाहून यावे आणि दोन्ही कोरडे असतील, तर त्याच आठवड्यात कंत्राटदाराला फोन करून उरलेले पैसे घेऊन जायला सांगावे.